दोन तबकड्या, एक लय

डीजे म्हटले की आपल्याला मिरवणुकीतला कानठळ्या बसवणारा आवाज आठवतो आणि कपाळाला आठी पडते. पण या कलेच्या मुळाशी कानाची फार कडक तालीम आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. ती थोडी समजून घेऊया.

न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या चर्चच्या इमारतीत 'सँक्चुअरी' नावाचा क्लब होता. 1970 च्या आसपास तिथे फ्रान्सिस ग्रासो तबकड्या वाजवत असे. एक गाणे संपून दुसरे सुरू होईपर्यंत नाचणारे थांबत. ग्रासोने ही फट बुजवली. पहिली तबकडी चालू असतानाच दुसरीची लय तिच्याशी जुळवून तो ती अलगद आत आणू लागला. ही पद्धत रूढ करण्याचा मान बहुधा त्यालाच दिला जातो. त्या काळच्या तबकड्यांवर हाडामासाचे ढोलकिये वाजवत, त्यामुळे गाण्याच्या मध्येच लय किंचित पुढेमागे होई. म्हणजे एकदा जुळवून भागत नसे, सतत सांभाळावे लागे.

यंत्राची साथ नंतर मिळाली. जपानच्या मात्सुशिता कंपनीने 1972 साली टेक्निक्स एसएल-1200 हा तबकडीवादक आणला. त्यात पट्टा नव्हता, मोटर थेट तबकडीखाली होती. हाताने थांबवून सोडली तरी तबकडी चटकन मूळ वेग पकडे. 1979 च्या सुधारित आवृत्तीत एक सरकती पट्टी आली. तिने वेग 8 टक्क्यांपर्यंत कमी-जास्त करता येई.

हिशेब साधा आहे. एक गाणे मिनिटाला 120 ठोक्यांचे आणि दुसरे 124 चे असेल, तर बरोबर सुरू करूनही पंधरा सेकंदांत दुसरे एक ठोका पुढे जाते. पहिल्याचा वेग साधारण 3.3 टक्के वाढवला की दोघे जुळतात. पण पूर्वी हा आकडा दाखवायला पडदा नव्हता. एका कानाला हेडफोन, त्यात येणारे गाणे. दुसरा कान उघडा, त्यात सभागृहात चाललेले.

शिकणाऱ्याची खरी अडचण इथेच. ठोके निसटू लागले की एकाचे दोन ऐकू येतात, घोडा दौडल्यासारखे. काहीतरी बिघडले हे लगेच कळते, पण पुढे कोण आणि मागे कोण, ते कळत नाही. मग तबकडीच्या कडेला बोट लावून तिला किंचित अडवायचे. दौड थांबली तर तीच पुढे होती, वाढली तर मागे. म्हणून नवख्याने एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन सराव करणे उत्तम. सम कुठे आहे हे आधीच ठाऊक असते, त्यामुळे सारे लक्ष निसटण्याकडे देता येते.

आपल्या हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावर गोष्ट वेगळी झाली. तिथल्या पार्ट्यांत कॅसेट आणि पुढे डॅट टेप वापरत. उष्मा, धूळ आणि प्रवास यांत तबकड्या टिकणे अवघड. पण डॅटच्या यंत्रावर सहसा वेग बदलण्याची सोय नसे. तेव्हा गाण्याच्या ठोक्याविना असलेल्या सुरुवातीवर आणि शेवटावर सांधा जोडला जाई. 2023 मध्ये निवर्तलेले गोवा गिल डॅटसाठीच ओळखले जात. म्हणजे ज्या संगीताने गोव्याचे नाव जगभर नेले, त्याच्या मुळाशी ही ठोके जुळवण्याची रीत फारशी नव्हती.

टेक्निक्सने ते यंत्र 2010 साली बंद केले आणि मागणीमुळे 2016 मध्ये पुन्हा आणले. आता संगणक एका बटणात लय जुळवतो. मग कान कशाला तयार करायचा? आपल्या घुमट आरतीत पाहा. कासाळेवाला जरा पुढे धावला, तर घुमटवाला त्याला न बोलता सावरून घेतो. कारण तो स्वतः वाजवताना दुसऱ्याचे ऐकत असतो. बटण ठोके जुळवून देईल, पण ही ऐकण्याची सवय ज्याची त्यालाच लावून घ्यावी लागते.