टेलिफोनवर ऐकलेलं मिठाचं पाणी

बेलच्या टेलिफोनला पेटंट मिळून जेमतेम चार वर्षं झाली होती. 1880 च्या सुमारास जर्मनीतल्या वुर्झबर्गमध्ये फ्रीड्रिख कोलराउश यांनी तो विजेची वाहकता मोजणाऱ्या आपल्या उपकरणाला जोडला आणि क्षारांच्या द्रावणाला चक्क कान लावला.

दुखणं जुनंच होतं. द्रावणातून एकाच दिशेने विजेचा प्रवाह सोडला, की त्यात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर वायू किंवा धातू साचतो आणि मोजमाप बिघडतं. कोलराउश यांनी त्यावर उलटसुलट धावणारा प्रवाह काढला. प्लॅटिनमच्या पट्ट्यांवर प्लॅटिनमचाच काळा, भुसभुशीत थर चढवला. पण अशा प्रवाहाला साध्या गॅल्व्हानोमीटरचा काटा दाद देत नाही. टेलिफोनमध्ये मात्र तो गुणगुणतो. उपकरणातल्या तारेवरचा सरकता संपर्क पुढे-मागे करायचा आणि गुणगुण जिथे विरते, तिथला आकडा टिपायचा.

पाणी वाढवलं की द्रावणाची वाहकता घटते, कारण तेवढ्याच जागेत प्रवाह वाहून नेणारे प्रभारित कण, म्हणजे आयन, कमी उरतात. पण दर मोलमागे हिशेब मांडला, तर ती वाढते. याच हिशेबाला आज मोलार वाहकता म्हणतात. 25 अंश सेल्सिअसला 0.1 मोलार पोटॅशियम क्लोराइडची ही वाहकता 129 (सीमेन्स-चौरस सेमी प्रति मोल). द्रावण शंभरपट विरल केलं की 147. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल मात्र 5 वरून थेट 49 वर जातं!

असं का? 1887 मध्ये स्वीडनच्या स्वांते अर्‍हेनिअस यांनी सांगितलं : सौम्य आम्लाचे बहुतेक रेणू अखंडच असतात, पाणी वाढेल तसे ते फुटून आयन होतात. पुढच्याच वर्षी ओस्टवाल्ड यांनी त्याचं सूत्र बांधलं. तीव्र क्षारांना मात्र ते लागू पडेना. त्यांचे आयन आधीच सुटे असतात; गर्दीत विरुद्ध प्रभाराचे शेजारी त्यांना मागे खेचतात, पाण्याने ती गर्दी पांगते. हे कोडं 1923 मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांच्या सिद्धांताने उलगडू लागलं.

ॲसेटिक आम्ल अगदी शेवटपर्यंत विरल केलं तर आकडा किती? तिथवर पोचण्याआधी पाण्याचे स्वतःचेच आयन मोजमापात लुडबुडतात. पण अतिविरल द्रावणात प्रत्येक आयन आपापल्या चालीने चालतो, हे कोलराउश यांनी आधीच दाखवलं होतं. मग हायड्रोक्लोरिक आम्लाच्या 426 मध्ये सोडियम ॲसिटेटचे 91 मिळवा, मिठाचे, म्हणजे सोडियम क्लोराइडचे, 126 वजा करा : 391. ही बेरीज-वजाबाकी तीव्र द्रव्यांच्या आकड्यांवरच होते. ॲसेटिक आम्लासाठी टेलिफोन कानाला लावावा लागत नाही.