हुबळीची लस आणि पेशीतले कॅल्शियम

१८९८ साली हुबळीत प्लेग बोकाळला, तेव्हा हे मुंबई इलाख्यातले कापसाच्या बाजाराचे आणि सदर्न मराठा रेल्वेच्या कारखान्याचे गाव होते. वस्ती सुमारे ५० हजार. आदल्याच वर्षी पुण्यात रँड या प्लेग अधिकाऱ्याचा खून झालेला. घरझडत्या आणि सक्तीच्या छावण्या यांमुळे प्लेगचा सरकारी माणूस दारात दिसला की लोकांच्या पोटात गोळा यायचा.

अशा हवेत कॅप्टन ल्यूमन या डॉक्टरने चार-पाच महिन्यांत हुबळीतल्या ३५ हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. धारवाड भागात डॉ. अ‍ॅलिस कॉर्थोर्न हेच काम करत होत्या. लस वाल्डेमार हाफकिन यांची, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात सिद्ध झालेली. मांसरसावर तुपाचे थेंब सोडायचे, त्यांना लोंबत प्लेगचे जिवाणू वाढू द्यायचे आणि मग ते उष्णतेने मारायचे. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली होती.

हुबळीत टोचलेले किती मेले आणि न टोचलेले किती, याची मोजदाद ठेवली गेली. पुढे प्लेग कमिशनने अशा आकड्यांची उलटतपासणी केली, मोजणीतल्या उणिवा दाखवल्या, तरी लस उपयोगी पडते हे मान्य केले. आकड्यांनी लसीची बाजू राखली खरी. दंडात सुई गेल्यावर आत काय घडते, हे मात्र खुद्द हाफकिनही सांगू शकले नसते.

ते कळायला जवळपास शतक गेले. जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा दहा हजार पटींनी जास्त असते. जंतूचा तुकडा ओळखला गेला की पेशीतला कॅल्शियमचा साठा रिकामा होतो, ते स्टिम-१ या प्रथिनाला जाणवते आणि ते पेशीपटलातले ओराय-१ हे दार उघडते. आत घुसलेल्या कॅल्शियममुळे कॅल्सिन्यूरिन हे विकर जागे होते. ते एनफॅट नावाच्या प्रथिनावरचा फॉस्फेट काढते, एनफॅट केंद्रकात शिरते आणि इंटरल्युकिन-२ सारखी जनुके चालू होतात. मूत्रपिंडरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबायला दिले जाणारे सायक्लोस्पोरिन नेमके कॅल्सिन्यूरिनलाच अडवते. हे १९९१ मध्ये उमगले, औषध त्याआधीपासूनच वापरात होते. इथेही गुण आधी, कारण मागाहून.

यातली खरी गंमत १९९७ साली दिसली. प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशींत कॅल्शियमची पातळी थोडीच पण बराच वेळ चढलेली राहिली तर एनफॅट जागे होते. एकदाच मोठी उसळी आली तर एनएफ-कप्पा-बी हे जनुके चालू करणारे दुसरे प्रथिन. म्हणजे खनिज तेच, पण त्याच्या लयीनुसार जनुके वेगळी.

२००६ मध्ये ओराय-१ चा शोध लागला तो काही अंशी आजारी बाळांमुळे. त्यांच्या रक्तात टी-पेशींची संख्या ठीक होती, पण हे दार उघडतच नव्हते. अशा मुलांना लस टोचली तरी तिच्याविरुद्धची नेमकी प्रतिपिंडे तयार होत नाहीत.