अँड्रॉइड स्वयंचलन

ठरलेली वेळ, जागा वा घटना येताच अँड्रॉइड फोनने आपणहून सेटिंग बदलण्याची किंवा काम उरकण्याची सोय. टास्कर हे यातले जुने अ‍ॅप, 2018 पासून जोआओ डायस यांच्याकडे. नवख्याला मॅक्रोड्रॉइड सोपे. शेलूबाजारसारख्या (ता. मंगरूळपीर, जि. वाशीम) शेतीच्या गावात या सोयीचा खरा उपयोग पंपाला रात्रपाळीत मिळणाऱ्या लाइनीला (विजेला). फोन सायलेंटवर असला तरी पंपाच्या मोबाईल स्टार्टरमधल्या सिमचा लाइन आल्याचा मेसेज आला की अलार्म वाजतो. इथे तो मेसेज ‘ट्रिगर’, अलार्म ‘अ‍ॅक्शन’ आणि रात्री 10 ते पहाटे 6 ही वेळ ‘कन्स्ट्रेंट’. मात्र बरेच फोन बॅटरी वाचवण्याच्या नादात असली अ‍ॅप परस्पर बंद पाडतात. बॅटरी सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपवरचे निर्बंध आधी काढावेत; नाहीतर ओलित हुकते.