तळोजा कारागृहातले फादर स्टॅन

९ ऑक्टोबर २०२० रोजी राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, मुंबईच्या विशेष न्यायालयात दहा हजारांवर पानांचं पुरवणी आरोपपत्र दाखल केलं. त्यातले एक आरोपी, ८३ वर्षांचे जेझुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी, यांना आदल्या संध्याकाळी रांचीत अटक झाली होती. तपासासाठी त्यांची एका दिवसाचीही कोठडी एनआयएने मागितली नाही. न्यायालयीन कोठडीत त्यांची रवानगी पनवेल तालुक्यातल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहात झाली. या प्रकरणाच्या कागदपत्रांत मला हीच गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. त्यांना विचारायचं काही उरलं नव्हतं, तरीही तुरुंगात ठेवायचं होतं.

खटला एल्गार परिषदेचा. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर परिषद झाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमाला अभिवादनासाठी आलेल्या दलितांवर हल्ले झाले. २ जानेवारीच्या पहिल्या फिर्यादीत हिंदुत्ववादी नेत्यांची नावं होती. ८ जानेवारीला पुण्याच्या विश्रामबाग ठाण्यात दुसरी फिर्याद नोंदवली गेली आणि तपासाचा रोख परिषदेच्या बाजूकडे, पुढे माओवादी कटाकडे वळला. आपण कोरेगाव भीमाला आयुष्यात कधी गेलोच नाही, असं फादर स्टॅन यांनी अटकेच्या दोन दिवस आधी चित्रित केलेल्या निवेदनात सांगितलं होतं. त्यांचं काम झारखंडातलं: आदिवासींच्या जमिनी, विस्थापन आणि नक्षलवादी ठरवून वर्षानुवर्षं डांबलेले कच्चे कैदी. त्या कैद्यांसाठी त्यांनी झारखंड उच्च न्यायालयात जनहित याचिकाही केली होती.

त्यांच्याविरुद्धचा मुख्य आधार म्हणजे संगणकांत सापडल्याचं सांगितलेली पत्रं. २२ मार्च २०२१ ला विशेष न्यायालयाने याच मजकुरावर भिस्त ठेवून जामीन नाकारला. माओवादी कामासाठी त्यांना आठ लाख रुपये मिळाल्याचा आरोपही आदेशात ग्राह्य धरला होता. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे यूएपीएच्या, कलम ४३ड(५) नुसार आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला की जामिनाची वाट बंद होते. त्यातच सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालामुळे जामिनाच्या टप्प्यावर पुराव्याची खोलात छाननी होत नाही. पुरावा तपासायचा खटल्यात, आणि इथे तर आरोपनिश्चितीही झाली नव्हती.

दरम्यान तळोजात दिवस जात होते. पार्किन्सनमुळे फादर स्टॅन यांना पेला धरता येत नसे. नळीचा सिपर मिळावा म्हणून ६ नोव्हेंबर २०२० ला अर्ज झाला. उत्तरासाठी एनआयएने वीस दिवस मागितले. २६ नोव्हेंबरला उत्तर आलं, की सिपर आम्ही जप्त केलेलाच नाही. मग न्यायालयाने कारागृहाकडे खुलासा मागितला. सिपर कोणाकडे होता, हा वाद मला गौण वाटतो. थरथरत्या हातांच्या कैद्याला पाणी पिता यावं यासाठी आदेशाची वाट पाहावी लागते, यातच कारागृहाचं अपयश आहे.

२१ मे २०२१ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना दूरचित्रसंवादाद्वारे ऐकलं. इथे आलो तेव्हा स्वतः जेवत होतो, लिहीत होतो, चालत होतो, अंघोळ करत होतो. आठ महिन्यांत एकेक सुटत गेलं आणि आता कोणीतरी भरवावं लागतं, असं ते म्हणाले. जे. जे. रुग्णालय त्यांनी नाकारलं. रांचीला आपल्या माणसांत जायचं, नाहीतर इथेच मेलेलं बरं, हे त्यांचं म्हणणं होतं. २८ मेच्या आदेशाने त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवलं. तिथे कोविडचं निदान झालं. ५ जुलैला जामिनाची सुनावणी सुरू असताना डॉक्टरांनीच न्यायालयाला सांगितलं, की दुपारी दीडच्या सुमारास त्यांचं निधन झालं.

१९ जुलैला उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती शिंदे यांनी फादर स्टॅन यांच्या कार्याबद्दल आदर व्यक्त केला. एनआयएने हरकत घेतली आणि २३ जुलैला ते शब्द मागे घेतले गेले.

डिसेंबर २०२२ मध्ये बचाव पक्षाने तपासायला दिलेल्या फादर स्टॅन यांच्या संगणकाच्या प्रतीवर अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगचा अहवाल आला. संगणकात २०१४ पासून घुसखोरी होती, दस्तऐवज बाहेरून पेरले गेले, ते फादर स्टॅन यांनी उघडल्याची खूण नाही आणि १२ जून २०१९ च्या जप्तीच्या आदल्या रात्री घुसखोराने आपले माग पुसायचा प्रयत्न केला, असं त्यात म्हटलं आहे. जप्तीची वेळ त्या घुसखोराला आधी कशी कळली, याचा तपास सरकारने स्वतःहून करायला हवा होता. बचाव पक्षाचे असे खासगी अहवाल एनआयए मानत नाही.

मृत्यूमुळे त्यांच्यापुरता खटला संपला, म्हणजे निर्दोष ठरण्याची संधीही संपली. म्हणून जेझुइट धर्मगुरू फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी डिसेंबर २०२१ मध्येच उच्च न्यायालयात दाद मागितली: प्रतिष्ठेचा हक्क मृत्यूनंतरही उरतो, तेव्हा जामीन नाकारताना नोंदवलेले निष्कर्ष त्यांच्या नावावरून पुसावेत.