रिकामं घर आणि पंधरा दिवस

गेले तीन शनिवार-रविवार मी भंडाऱ्यात बसून पुण्यात भाड्याचं घर शोधतोय. ज्यांनी हे केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फोटोत हॉल मोठा दिसतो, व्हिडिओ कॉलवर तो अर्धा होतो, आणि बघायला जायच्या आधीच टोकन मागतात. ते सगळं ठीक आहे. पण दुसऱ्या शनिवारी जे झालं ते डोक्यातून जाईना.

माझ्याच टीममधला एक मित्र आहे, तुमसरचा. तोही पुण्यालाच चाललाय. त्याने सकाळी एका फ्लॅटसाठी मेसेज केला. एजंटने आधी पूर्ण नाव विचारलं, मग कळवलं, "सॉरी सर, गेला फ्लॅट." संध्याकाळी मला तोच फ्लॅट दिसला. सहज विचारलं. मलाही आधी पूर्ण नावच विचारलं. मग उत्तर आलं, "अव्हेलेबल आहे सर, उद्याच टोकन करून टाका." पगार सारखा, कंपनी एकच, दोघंही अविवाहित. फरक फक्त आडनावाचा. माझं आडनाव चाललं, त्याचं नाही.

रात्री जेवताना बाबांना हे सांगितलं. ते म्हणाले, "तुझे आजोबा इथे आले तेव्हा घरमालकाला विचारायची सोयच नव्हती."

म्हणजे? तर आजोबा १९५५ साली अमरावतीहून बदली होऊन भंडाऱ्याला आले. सरकारी कारकून. गावात ओळखीचं कुत्रंही नव्हतं. आठवडाभर एका सहकाऱ्याच्या ओसरीवर काढला आणि मग ऑफिसातून एक कागद मिळाला. तो घेऊन गेले आणि दोन खोल्यांत राहायला लागले. घरमालक पुढे कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा, "म्या नाही देलं यायले घर, कलेक्टरनं देलं!" लहानपणी मला हा घरातला विनोद वाटायचा. या वेळी मात्र तो कागद काय होता हे शोधायला बसलो.

शोधल्यावर एक लांबलचक नाव हाती लागलं. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस अँड बेरार लेटिंग ऑफ हाउसेस अँड रेंट कंट्रोल ऑर्डर, १९४९. भंडारा तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता, नंतर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, त्यापुढे मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. राज्यं बदलत गेली, पण हा आदेश विदर्भात तसाच राहिला. मुंबई-पुण्याकडे १९४७ चा बॉम्बे रेंट अ‍ॅक्ट, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा आणि आमच्याकडे हा. एकाच राज्यात भाडेकरूंचे तीन कायदे! ते एकत्र झाले थेट ३१ मार्च २००० ला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला तेव्हा.

या आदेशातला घर रिकामं न करता येण्याचा भाग बहुतेकांना ऐकून माहीत असतो. भाडेकरूला काढायचं तर आधी रेंट कंट्रोलरची लेखी परवानगी घ्यायची, मग नोटीस द्यायची. पण मला जास्त गंमत वाटली ती घर देण्याच्या भागाची, कलम २२ आणि २३ ची. हा भाग जिथे लागू केला होता तिथे घर रिकामं होणार हे कळल्यावर मालकाने ७ दिवसांत जिल्हाधिकाऱ्याला ठरलेल्या फॉर्मवर कळवायचं. कळवल्यापासून १५ दिवसांत जिल्हाधिकारी हुकूम काढू शकत होता की हे घर अमक्याला द्या. अमका म्हणजे कोण? सरकारी नोकर, विस्थापित किंवा आधीच्या घरातून काढला गेलेला भाडेकरू. मालकाने आधी दुसऱ्या कोणाला शब्द दिला असेल तर तो बाजूला. १५ दिवसांत हुकूम आला नाही तरच मालक मोकळा. आणि कहर म्हणजे स्वतःच्या घरात स्वतःला राहायचं असलं तरी फॉर्मवर तसं लिहायचं आणि परवानगी घ्यायची!

आज वाचताना हे भयंकर वाटतं. माझं घर आणि मलाच परवानगी? पण तो काळ बघा. महायुद्धात बांधकामं थंडावलेली, फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आलेले, सरकारी खाती वाढत चाललेली. घरं कमी आणि माणसं जास्त. अशा वेळी रिकामं घर कोणाला मिळणार हे मालकाच्या मर्जीवर सोडलं की ते त्याच्या नात्यात, ओळखीत नाही तर जातीत जाणार. आपल्या भाषेत सांगायचं तर सिलेक्शन काढून घेऊन अ‍ॅलोकेशन आणलं होतं.

अर्थात पळवाटा निघाल्याच. लोक रिकाम्या घराची खबरच द्यायचे नाहीत, गुपचूप भाडेकरू ठेवायचे. मग भांडण झालं की मालकच कोर्टात म्हणायचा, कलेक्टरला न कळवता दिलेलं घर, म्हणजे भाडेकरार बेकायदा, काढा याला! असं एक प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. कोर्टाने १९८६ मध्ये सांगितलं की आदेश मोडला म्हणून मालक-भाडेकरूमधला करार रद्द होत नाही.

इथपर्यंत वाचून मी खुश होतो. आजोबांचा कागद सापडला होता. पण मग बडोदा आठवलं.

१९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून आलेला माणूस, संस्थानाचा अधिकारी, पण राहायला जागा नाही. शेवटी एका पारशी पथिकाश्रमात गेले. तिथे पारशाशिवाय कोणाला ठेवत नसत, म्हणून रखवालदाराशी बोलून रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहिलं. दिवसाला दीड रुपया. पत्ता लागल्यावर काठ्या घेऊन लोक आले आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाले. बाबासाहेबांनी दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनी अडचणी सांगितल्या. मग सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सगळं त्यांनी स्वतःच 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलंय. जरूर वाचा, अर्ध्या तासात होतं.

त्यातली एक गोष्ट मी आधी वाचताना सोडून दिली होती. त्यांनी सरकारी बंगल्यासाठी अर्ज केला होता. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. उत्तर यायच्या आधी पथिकाश्रमातून निघावं लागलं. तो त्यांचा तिथला अकरावा दिवस होता.

म्हणजे बडोद्यातही देणारं सरकारच होतं आणि मागणारा सरकारी अधिकारीच. कमी होती ती मुदतीची आणि मालकाच्या दारावर चालेल अशा हुकुमाची. माझ्या आजोबांना ते दोन्ही मिळालं. शिवाय त्यांचं आडनावही चालणारं होतं, हे मान्य करायला हवं. कागद नसता तरी त्यांना कुठेतरी दोन खोल्या मिळाल्याच असत्या. थोड्या उशिराने, एवढंच.

आणि तो कागद सगळ्यांसाठी नव्हताच. भंडाऱ्यात विड्या वळायला किंवा हातमागावर बसायला बाहेरगावाहून आलेल्या माणसाचं त्या यादीत नाव नाही. आजोबा यायच्या एक वर्ष आधी, मे १९५४ मध्ये, हेच बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर निवडून आले. आमच्या गावाने नाकारलेला एवढा मोठा माणूस दुसरा नसेल.

पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला एखाद्या वस्तीत राहायला अडवणं हा त्याने गुन्हा ठरवला. तो कायदा बदललेल्या नावाने आजही आहे. पण "सॉरी सर, गेला फ्लॅट" यात कारण कुठे लिहिलंय? सिद्ध काय करणार? १९४९ च्या आदेशाला जात दिसत नव्हती, त्याने तसं काही लिहिलंही नव्हतं. पण यादीतल्या माणसापुरता तरी त्याने नकाराचा पर्यायच काढून टाकला होता, त्यामुळे कारण सिद्ध करत बसायची वेळ येत नव्हती.

तो आदेश परत आणा असं मी म्हणत नाहीये. आमच्याच घराची वरची खोली आम्ही किरायाने देतो, आणि उद्या कलेक्टरने कोणाला पाठवलं तर सगळ्यात आधी बाबाच भांडायला जातील. पण सरकार मध्ये पडलं नाही की घराचा बाजार आपोआप समान होतो, हे माझं मत मात्र या तीन वीकेंडमध्ये गेलं.

त्या फ्लॅटचं टोकन मी दिलं नाही. यात फार मोठेपणा नाही, दोन दिवसांत दुसरा मिळाला, भाडं दोन हजार जास्त. मित्राला सगळं सांगितलं. तो हसला. म्हणाला, "तुला आज कळलं का?" तो अजून शोधतोय. तोवर माझ्याकडेच राहा म्हटलंय, पण माझ्या मालकाने परवा फोनवर विचारलं, "सोबत कोण असणार आहे? पूर्ण नाव सांगा."

सांगितलंय. अजून उत्तर आलेलं नाही.

आणि हो, जेवताना बाबांना विचारलं, वरच्या खोलीसाठी फोन आला की आपण पहिल्यांदा काय विचारतो? ते काही बोलले नाहीत. आईने उत्तर दिलं. "नाव," ती म्हणाली, "पूर्ण नाव."