प्रमाणपत्र मिळवणे आणि राखणे : नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यातील गुणवत्ता-प्रमाणनाचा इतिहास

प्रस्तावना

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कोणत्याही लहानमोठ्या कारखान्याच्या कचेरीत गेल्यास दर्शनी भिंतीवर चौकटीत लावलेले आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र हमखास दृष्टीस पडते. पाहणाऱ्याचे लक्ष कंपनीच्या नावाकडे आणि प्रमाणन संस्थेच्या मुद्रेकडे जाते. खालच्या बाजूस बारीक अक्षरांत छापलेली मुदतीची तारीख मात्र सहसा कोणी वाचत नाही. वास्तविक त्या प्रमाणपत्राचा सारा अर्थ त्या तारखेत आहे. ही पदवी नव्हे, मुदतीचा परवाना आहे, आणि तो पुन्हापुन्हा सिद्ध करावा लागतो.

भारतातील गुणवत्ता-प्रमाणनाविषयी जे लेखन होते त्यात प्रमाणपत्र कसे मिळवावे याची चर्चा विपुल आढळते. ते दहा-वीस वर्षे कसे टिकते याची चर्चा त्या मानाने थोडी आहे. प्रस्तुत लेखात नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्याच्या संदर्भात या दुसऱ्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे. शासकीय धोरणाने प्रमाणपत्र मिळवण्यास हातभार लावला, ते राखण्याचा भार मात्र कारखान्यावर सोडला. आणि राखण्यासाठी ज्या सातत्याची गरज असते, तेच सातत्य या पट्ट्याच्या वेगवान स्थित्यंतरात सर्वांत दुर्मीळ ठरले, असे येथे प्रतिपादन आहे.

वस्तूच्या मानचिन्हापासून पद्धतीच्या प्रमाणपत्रापर्यंत

भारतीय मानक संस्थेची स्थापना ६ जानेवारी १९४७ रोजी झाली आणि त्याच वर्षी २३ फेब्रुवारीला आंतरराष्ट्रीय मानकीकरण संघटनेचे, म्हणजे आयएसओचे, कार्य सुरू झाले. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरील भारत या संघटनेच्या संस्थापक सदस्यांपैकी एक होता. १९५२ च्या प्रमाणन चिन्ह अधिनियमामुळे भारतीय मानक संस्थेला वस्तूंवर मानचिन्ह वापरण्याचा परवाना देण्याचा अधिकार मिळाला. 'आयएसआय मार्क' या नावाने हे चिन्ह घरोघरी पोहोचले. १ एप्रिल १९८७ पासून या संस्थेची जागा भारतीय मानक ब्यूरोने घेतली.

१ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्याच दशकात ठाणे खाडीच्या पूर्वेस 'टीटीसी' या नावाने ओळखली जाणारी औद्योगिक वसाहत आकारास येऊ लागली. १९६८ मध्ये नोसिलचे पेट्रोकेमिकल संकुल येथे सुरू झाले आणि रसायने, अभियांत्रिकी व औषधनिर्मिती यांच्या कारखान्यांची रांग दिघ्यापासून नेरूळपर्यंत पसरली. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. येथे कारखाने आधी आले आणि शहर मागाहून वसले, हा क्रम पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

त्या काळी बाजारपेठ संरक्षित होती. ग्राहकाला वस्तूची चाचणी पुरेशी वाटे. ती बनवणाऱ्या संघटनेची चाचणी घ्यावी, ही कल्पना रूढ नव्हती. ब्रिटनमध्ये १९७९ साली बीएस ५७५० हे मानक प्रसिद्ध झाले आणि ते समोर ठेवूनच १९८७ मध्ये आयएसओ ९००० ही मानकमालिका अवतरली. या मानकांनी प्रश्नच बदलला. 'ही वस्तू चांगली आहे काय?' याऐवजी 'चांगली वस्तू पुन्हापुन्हा बनेल अशी व्यवस्था येथे आहे काय?' असे विचारले जाऊ लागले. 'पुन्हापुन्हा' या शब्दातच टिकवण्याचे बंधन अनुस्यूत होते.

निर्यातीचा रेटा आणि अनुदानाची दिशा

२६ मे १९८९ रोजी न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर कार्यान्वित झाले. १९९१ मध्ये नवे आर्थिक धोरण आले. १ जानेवारी १९९३ पासून युरोपीय समुदायाची एकल बाजारपेठ सुरू झाली. या तीन घटनांनी टीटीसीतील उद्योजकाला एका नव्या ग्राहकासमोर उभे केले. हा ग्राहक कारखाना पाहण्यास येत नसे. तो प्रमाणपत्र मागत असे. मोठ्या कंपन्यांनी प्रमाणपत्र घेतल्यावर त्यांनी सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांकडेही तशीच मागणी केली. अशा रीतीने हे मानक पुरवठ्याच्या साखळीतून खाली उतरत गेले.

केंद्र शासनाने १९९४ मध्ये लघुउद्योगांसाठी प्रोत्साहन योजना आणली. तीनुसार प्रमाणपत्रासाठी झालेल्या खर्चाच्या ७५ टक्के, परंतु कमाल ७५,००० रुपयांपर्यंत, प्रतिपूर्ती मिळत असे. योजना उपयुक्त होती यात शंका नाही. तथापि ही प्रतिपूर्ती एकदाच मिळे. दुसऱ्या वर्षीचे देखरेख परीक्षण, तिसऱ्या वर्षानंतरचे पुनःप्रमाणन, मापनसाधनांचे नियतकालिक प्रमाणांकन, नव्या कामगारांचे प्रशिक्षण हे सारे खर्च तिच्या कक्षेबाहेर होते. धोरणकर्त्यांच्या दृष्टीने प्रमाणपत्र हे गाठावयाचे ठिकाण होते. मानकाच्या दृष्टीने ती केवळ सुरुवात होती.

राखणे म्हणजे नेमके काय

आयएसओ स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात आणि त्या संस्थांना अधिस्वीकृती मंडळे मान्यता देतात. भारतात त्यासाठी १९९७ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषद स्थापन झाली. तत्पूर्वी अनेक भारतीय कारखान्यांची प्रमाणपत्रे ब्रिटिश किंवा डच अधिस्वीकृतीखालील असत. प्रमाणपत्राचे चक्र साधारणतः तीन वर्षांचे असते. मधल्या काळात दरवर्षी किमान एक देखरेख परीक्षण आणि मुदत संपण्यापूर्वी संपूर्ण पुनर्परीक्षण, असा हा क्रम आहे.

परीक्षक वर्षातून एक-दोन दिवस येतो. उरलेले दिवस कारखान्याचे स्वतःचे असतात. त्या दिवसांत अंतर्गत परीक्षण करणे, वरिष्ठांनी व्यवस्थेचा आढावा घेणे, ग्राहकाच्या तक्रारीचे मूळ कारण शोधणे, व्हर्निअर किंवा दाबमापकासारखी साधने राष्ट्रीय मानकाशी जुळतात याची खातरजमा करणे आणि या सर्वांच्या नोंदी ठेवणे अपेक्षित असते. 'जे करता ते लिहा, जे लिहिता ते करा' हे त्या काळातील प्रशिक्षणवर्गांतले आवडते सूत्र होते. सूत्राचा पूर्वार्ध सल्लागाराच्या मदतीने दोन-तीन महिन्यांत साधता येतो. उत्तरार्ध मात्र रोजच्या पाळीत, मालाची घाई असताना, साधावा लागतो.

व्यवस्था ढासळते ती बहुधा येथेच. परीक्षणाच्या आदल्या आठवड्यात वर्षभराच्या नोंदी एका बैठकीत भरल्या की कागद पूर्ण होतो, पण त्यातील माहिती मृत असते. तक्रारीचे कारण म्हणून दरवेळी 'कामगाराचे दुर्लक्ष' आणि उपाय म्हणून 'समज दिली' असे लिहिले की तक्रार मिटते, कारण मात्र शिल्लक राहते. असे प्रमाणपत्र काही वर्षे टिकू शकते. गुणवत्ता टिकत नाही. मग एखादी मोठी ऑर्डर परत येते, तेव्हा भिंतीवरील चौकट कारखान्याला वाचवू शकत नाही.

बदलते मानक

ज्या मानकाचे पालन करावयाचे तेही स्थिर राहिले नाही. १९९४ च्या आवृत्तीत वीस कलमे होती. १५ डिसेंबर २००० रोजी आलेल्या आवृत्तीने ९००१, ९००२ आणि ९००३ ही तीन मानके एकत्र केली, प्रक्रियाधारित दृष्टिकोन स्वीकारला आणि लेखी कार्यपद्धतींची सक्ती सहा बाबींपुरती मर्यादित केली. जुन्या प्रमाणपत्रांना डिसेंबर २००३ पर्यंतची मुदत होती. २००८ ची आवृत्ती मुख्यतः स्पष्टीकरणात्मक होती. सप्टेंबर २०१५ च्या आवृत्तीने मात्र जोखमीचा विचार केंद्रस्थानी आणला, गुणवत्ता-पुस्तिकेची सक्ती काढली आणि 'व्यवस्थापन प्रतिनिधी' हे नेमून दिलेले पदही वगळले. तिच्यासाठी २०१८ पर्यंत तीन वर्षांचा अवधी होता.

या शेवटच्या बदलामागील तत्त्व अर्थपूर्ण आहे. गुणवत्तेची जबाबदारी एका माणसाच्या टेबलावर साचू नये, ती मालकाने आणि प्रत्येक विभागाने वाहावी, असे त्यात अभिप्रेत आहे. लहान कारखान्यात सारी फाइल एकाच कर्मचाऱ्याच्या हाती असली की तो नोकरी सोडताना व्यवस्थेची स्मृतीही सोबत घेऊन जातो. त्याच्या जागी आलेल्याला कपाट मिळते, कारणपरंपरा मिळत नाही.

स्थलांतर आणि स्मृती

प्रमाणपत्रावर दोन गोष्टी ठळकपणे नोंदलेल्या असतात : कारखान्याचा पत्ता आणि प्रमाणित कामाची व्याप्ती. यांपैकी एक जरी बदलली तरी प्रमाणपत्राचा पुनर्विचार करावा लागतो. नवी मुंबईच्या इतिहासात नेमक्या याच दोन गोष्टी सतत बदलत राहिल्या. १ जानेवारी १९९२ पासून महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. वस्ती कारखान्यांच्या कुंपणापर्यंत येऊन पोहोचली. महापे येथे मिलेनियम बिझनेस पार्क उभे राहिले, ऐरोली-घणसोलीच्या बाजूस माहिती तंत्रज्ञानाच्या इमारती वाढल्या. नोसिलचे पेट्रोकेमिकल संकुल इतिहासजमा झाले. रबर-रसायनांचे उत्पादन येथे चालू राहिले, परंतु २०१३ मध्ये कंपनीचा नवा प्रकल्प सुरू झाला तो गुजरातेतील दहेज येथे.

जागा वाढत्या किमतीची, मनुष्यबळ फिरते आणि उत्पादन बदलते, अशा परिस्थितीत लेखी व्यवस्थेचे खरे मोल कळते. यंत्रे ट्रकमध्ये भरून नेता येतात. जुन्या फोरमनच्या हाताचा अंदाज नेता येत नाही. तो अंदाज आधीच मोजमापांत, सूचनापत्रांत आणि प्रशिक्षणात उतरवलेला असेल तरच नव्या जागी तोच माल निघतो.

मार्च २०२० नंतरच्या टाळेबंदीत या व्यवस्थेची आणखी एक परीक्षा झाली. परीक्षकांना कारखान्यात पोहोचणे अशक्य झाल्याने दूरस्थ परीक्षणांचा अवलंब झाला आणि विशिष्ट अटींवर पुनःप्रमाणनाला साधारणतः सहा महिन्यांपर्यंत मुदतवाढ देण्याची तरतूद वापरली गेली. ज्यांच्या नोंदी रोजच्या रोज होत्या त्यांना त्या पडद्यावर दाखवणे अवघड नव्हते.

राखण्याचा सन्मान

सातत्यालाच पारितोषिक देण्याची कल्पना जपानने फार पूर्वी अमलात आणली. डेमिंग पारितोषिक मिळवलेल्या कंपन्या नंतर शिथिल होऊ नयेत म्हणून तेथे जपान गुणवत्ता पदकाची योजना झाली. १९६५ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळवणारी टोयोटा १९७० मध्ये या पदकाची पहिली मानकरी ठरली. महाराष्ट्रातील उदाहरण महिंद्र अँड महिंद्रच्या कृषी-अवजारे विभागाचे आहे. मुंबईत कांदिवली येथे आणि नागपुरात ट्रॅक्टर बनवणाऱ्या या विभागाला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक आणि २००७ मध्ये जपान गुणवत्ता पदक मिळाले. पहिल्या सन्मानाने यश सिद्ध झाले, दुसऱ्याने ते टिकल्याचे सिद्ध झाले.

महाविद्यालयीन प्राध्यापकांना हा अनुभव परका नाही. लघुउद्योगांची अनुदान योजना ज्या वर्षी आली त्याच १९९४ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषद, म्हणजे 'नॅक', स्थापन झाली. मूल्यांकनानंतरही गुणवत्ता टिकावी यासाठी या परिषदेने अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष आणि वार्षिक अहवाल यांची अपेक्षा ठेवली. समितीच्या भेटीपूर्वीची धावपळ आणि भेटीनंतरची शांतता हे चित्र कारखान्याइतकेच महाविद्यालयालाही लागू पडते.

समारोप

२०१६ मध्ये केंद्र शासनाने सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांसाठी 'झेड' योजना सुरू केली आणि २०२२ मध्ये तिला कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा तीन स्तरांचे सुधारित रूप दिले. एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाण्याची कल्पना १९९४ च्या एकरकमी प्रतिपूर्तीच्या पुढची आहे, हे मान्य करावे लागेल. तथापि मदतीचा भर अद्याप प्रमाणपत्र हाती येण्यावरच आहे.

नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास असे दर्शवतो, की गुणवत्तेचे प्रमाणपत्र सहसा एखाद्या परीक्षणात नव्हे तर दोन परीक्षणांच्या मधल्या काळात गमावले जाते. मालकाचे लक्ष, नोंदींचा खरेपणा आणि माणसे बदलली तरी न पुसली जाणारी संघटनेची स्मृती या तीन गोष्टी असतील तर मानकाची आवृत्ती, कारखान्याचा पत्ता वा बाजारपेठ बदलूनही व्यवस्था तग धरते. त्या नसतील तर मुदतीची तारीख येण्यापूर्वीच प्रमाणपत्र निरर्थक झालेले असते. चौकट तेवढी भिंतीवर उरते.