डेहराडूनची वनशाळा आणि वनविद्येचे अपुरे गणित

भारतात वनविद्येच्या औपचारिक शिक्षणाचा पाया १८७८ मध्ये डेहराडूनच्या वनशाळेने घातला. तिचे प्रवर्तक डिट्रिख ब्रँडिस हे मूळचे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ. ब्रह्मदेशातील पेगूच्या जंगलांत त्यांनी सागाची झाडे घेरानुसार मोजली होती. जंगल जितके वाढेल तितकेच तोडावे, हे त्यांचे सूत्र. रेल्वेच्या स्लीपरांसाठी साल आणि देवदार सतत हवा असलेल्या सरकारला हे गणित सोयीचे होते.

त्याच वर्षी वनकायदाही आला. गावांच्या गरजेसाठी जंगल राखून ठेवावे, हे ब्रँडिस यांचे मत मागे पडले आणि गावकऱ्यांचे परंपरागत हक्क आकसले. शाळेत घडत ते प्रामुख्याने रेंजर. वरिष्ठ अधिकाऱ्यांचे शिक्षण युरोपात होई.

डेहराडूनला १९०६ मध्ये वनसंशोधन संस्था उभी राहिली. १९९१ मध्ये ती अभिमत विद्यापीठ झाली. चारा, मध, मोहाची फुले वेचणाऱ्या आदिवासींच्या हक्कांना मात्र देशव्यापी कायदेशीर मान्यता मिळाली ती २००६ च्या वनहक्क कायद्याने. सामूहिक वनांच्या व्यवस्थापनात ग्रामसभेला त्याने अधिकार दिला. त्यामुळे झाडाचा घेर मोजता येणे आता वनपदवीधराला पुरेसे नाही. त्या झाडावर जगणारी माणसेही त्याच्या गणितात यावी लागतात.